फूटस्टेप सतत वाकते, खडखडते, दाराला घासते: दोष कुठं असतो आणि रॉक स्लायडर कधी लावायचा

तीन वर्षांत आमच्या गाडीची डावी फूटस्टेप, म्हणजे चढायला दाराखाली असते ती पायरी, चार वेळा दुरुस्त केली. दरवेळी तेच. पावसाळा संपला की मागच्या दाराखाली कट कट आवाज सुरू होतो, मग पायरी मधून बसलेली दिसायला लागते, मग एक दिवस दार उघडताना खालची कड पायरीला घासते आणि रंग जातो. गॅरेजात नेलं की बोल्ट आवळून देतात, फार तर ब्रॅकेट ठोकून सरळ करतात, महिना दीड महिना बरं चालतं आणि पुन्हा येरे माझ्या मागल्या. ज्यांची गाडी घरची पण आहे आणि शेताची पण आहे त्यांच्यातल्या बऱ्याच जणांकडं हेच चालू असतं म्हणून सगळं सविस्तर लिहितोय, कारण मला खरा दोष सापडायला चार दुरुस्त्या लागल्या आणि तो पहिल्याच दिवशी गाडीखाली झोपून बघितला असता तर दहा मिनिटात दिसला असता.

आधी गाडी कुठं कुठं फिरते ते सांगतो. राहायला सोलापुरात विजापूर रोडला, शेत मोहोळ तालुक्यात सीना नदीच्या काठाला. आई बहात्तरची, दोन्ही गुडघे दुखतात, दर महिन्याला अक्कलकोटला आणि अधूनमधून तुळजापूरला जायचंच असतं, दोन पोरं, बायको आणि मी. गाडी लॅडर फ्रेमवाली, म्हणजे खाली शिडीसारखी वेगळी चॅसी असलेली, सात सीटर, फोर बाय फोर. डांबरीवर काही प्रश्न नाही. प्रश्न शेवटच्या दोन किलोमीटरच्या पाणंदीचा आहे. गळीत हंगामात तिथून उसाच्या ट्रॉल्या जातात, ओल्या काळ्या मातीत चाकोऱ्या गुडघ्याएवढ्या खोल पडतात आणि उन्हाळ्यात त्याच चाकोऱ्या सिमेंटसारख्या कडक होतात. आपलं चाक चाकोरीत उतरलं की चाकोरीची कड बरोबर फूटस्टेपच्या उंचीला येते. त्यात सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला जो पूर आला त्यानं पाणंदीवरचा मुरूम धुऊन नेला आणि खालचे धोंडे उघडे पडले. तोपर्यंत पायरी वाकत होती, त्यानंतर ती सरळ दारात घुसली.

आता तपासणी कशी करायची ते. पाने घ्यायच्या आधी टॉर्च घ्या आणि खाली झोपा.

पहिल्यांदा एकच गोष्ट बघायची, पायरीचं प्रत्येक ब्रॅकेट कशाला धरलंय. चॅसीला, का दाराखालच्या बॉडीच्या पत्र्याला, का एक इकडं आणि एक तिकडं. प्रत्येक ब्रॅकेटवर बोट ठेवून वरपर्यंत जा, अंदाजानं सोडू नका, कारण वरून प्लॅस्टिकचं कव्हर असलं की सगळं सारखंच दिसतं. आमच्याकडं पुढची दोन ब्रॅकेट चॅसीवर होती आणि मागचं एक बॉडीच्या पत्र्यावर. हाच तो दोष.

का ते सांगतो. बोलेरो, स्कॉर्पिओ, थार, जिम्नी, फॉर्च्युनर असल्या गाड्यांमध्ये खाली शिडीसारखी चॅसी असते आणि वरची बॉडी तिच्यावर रबरी बुशांवर बसवलेली असते. एक चाक खड्ड्यात आणि दुसरं बांधावर गेलं की चॅसी पिळली जाते, बॉडी तेवढी पिळत नाही, मधले रबर तो फरक खातात. म्हणजे चॅसी आणि बॉडी एकमेकांच्या तुलनेत सतत थोडी हलत असतात आणि ती हललीच पाहिजेत, गाडी तशीच बनवलेली असते. आता दोन्हीला मिळून एक लोखंडी पायरी घट्ट बांधली तर प्रत्येक खड्ड्याला ओढाताण त्या पायरीवर येणार, आणि त्यातला सगळ्यात कमजोर भाग म्हणजे बॉडीचा पातळ पत्रा, तो हार मानणार. बोल्ट ढिले होत नव्हते खरं तर, पत्र्यातलं भोक लांबट होत चाललं होतं, आणि आम्ही दरवेळी त्याच लांबट भोकात तोच बोल्ट अजून जोरात आवळत होतो.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या ज्या फॅब्रिकेशनवाल्या मामांनी हे दाखवलं ते खालूनच ओरडले, "अवो, हिचा एक पाय चॅसीवर हाय अन् एक पाय बॉडीवर, मग ती बोंबलणारच की वो!" चार ठिकाणी पैसे दिले होते, कुणी हे वाक्य बोललं नव्हतं.

दुसरी तपासणी वजनाची. सपाट फरशीवर गाडी उभी करा, टेपनं जमिनीपासून पायरीच्या मध्याची उंची मोजा, मग सत्तरएक किलोचा माणूस पायरीच्या बाहेरच्या कडेला उभा करा आणि परत मोजा. गाडी सस्पेन्शनवर थोडी बसणारच, म्हणून त्याच वेळी दाराखालच्या पत्र्याची उंची पण दोन्ही वेळा मोजायची आणि जादाचा फरक तेवढा पायरीचा धरायचा. आमची पायरी पत्र्यापेक्षा १८ मिलिमीटर जास्त बसत होती. दोनचार मिलिमीटर समजू शकतो, अठरा म्हणजे ब्रॅकेट दुमडतंय.

ह्याचा हिशेब साधा आहे आणि तो एकदा कागदावर मांडाच. ७० किलोचा माणूस बोल्टांपासून २० सेंटिमीटर बाहेर उभा आहे आणि ब्रॅकेटच्या वरच्या आणि खालच्या बोल्टात अंतर फक्त ५ सेंटिमीटर आहे. तर वरच्या बोल्टावर ओढ येते ७० गुणिले २० भागिले ५, म्हणजे २८० किलोची. हे स्थिर उभं राहिल्यावर. पोरं उडी मारून चढतात तेव्हा ह्याच्या दुप्पट सहज होत असेल. तोच बोल्टांचा गाळा १० सेंटिमीटर केला की ओढ १४० वर येते. त्यामुळं ब्रॅकेट बघताना पट्टी किती जाड आहे एवढंच बघू नका, वरच्या-खालच्या बोल्टात अंतर किती आहे आणि पट्टीला तिकोनी गसेट, म्हणजे कोपऱ्याला आधार देणारा तुकडा, आहे का तेही बघा. आमच्या ब्रॅकेटला गसेट नव्हतं, नुसती काटकोनात वाकवलेली पट्टी होती आणि त्या काटकोनातच चीर गेली होती.

तिसरी तपासणी आवाजाची. ब्रॅकेट, वायसर आणि नट ह्या तिन्हीवरून एक सरळ रेघ मारा, रंगाची किंवा नेलपॉलिशची, आणि आठवडाभर गाडी चालवा. रेघ तुटली म्हणजे नट फिरतोय, मग नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला), ८.८ ग्रेडचा बोल्ट आणि खाली मोठं जाड वायसर घालून भागेल. रेघ सरळ आहे आणि तरी आवाज येतो, तर नट निर्दोष आहे, भोक मोठं झालंय किंवा पायरीचा पाइप आतून ब्रॅकेटवर सरकतोय. टॉर्क, म्हणजे बोल्ट आवळायचा जोर, तोही डोक्यात ठेवा, ८.८ च्या एम ८ बोल्टाला साधारण २५ न्यूटन मीटर आणि एम १० ला ५० च्या आसपास. लांब पाना घालून सगळा जोर लावला की आटे जातात आणि मग लोक म्हणतात बोल्ट खराब निघाला.

चौथी गोष्ट माती. काळी माती पाणी पिऊन फुगते, पायरी आणि बॉडीच्या मधल्या फटीत दाबून भरली की तिथंच वाळते आणि विटेसारखी होते. ती ओली असताना वजन वाढवते, फुगून पायरीला बॉडीपासून बाहेर ढकलते आणि आत ओल धरून गंज लावते. मी एकदा स्क्रू ड्रायव्हरनं उकरून एका बाजूची माती घमेल्यात काढली तर अर्धं घमेलं भरलं. पायरीच्या पाइपला खालून पाणी जायला भोक आहे का तेही बघा, आमच्या पाइपची टोपी काढली तर आत लालसर पाणी होतं आणि जाडी मोजायचा व्हर्नियर लावला तर पाइपची जाडी १.६ मिलिमीटर. बाहेरून तीन इंची जाडजूड दिसायचा.

आणि एक राहिलं, पंक्चर काढताना कुणी जॅक फूटस्टेपला लावत नाही ना ते बघा. आमच्याकडं एकदा लावला होता, मी चहा प्यायला गेलो होतो.

हे सगळं बघून झालं की मग प्रश्न येतो, हीच पायरी नीट करायची का स्लायडर लावायचा. इथं बरेच जण घोळ करतात कारण दोन्ही वस्तू लांबून सारख्या दिसतात, दाराखाली आडवा पाइप. पण कामं वेगळी आहेत. फूटस्टेप माणसाचं वजन घ्यायला असते, चढता यावं म्हणून ती मुद्दाम खाली आणि बाहेर असते. रॉक स्लायडर गाडीचं वजन घ्यायला असतो, गाडी धोंड्यावर टेकली तर दाराखालचा पत्रा वाचावा आणि गाडी त्या पाइपवरून घसरत पुढं जावी म्हणून, त्यामुळं तो वर, पत्र्याला जवळ आणि सरळ चॅसीला धरलेला असतो. एकाला ७० किलो झेलायचे, दुसऱ्याला अर्धी गाडी, म्हणजे ९००-१००० किलो आणि ते पण आपटून. फूटस्टेपकडून स्लायडरचं काम करून घ्यायला गेलं की ती वाकून दारात घुसते, नुसता पत्रा असता तर एक पोचा आला असता तिथं पायरी दार जाम करते. हे आमच्या बाबतीत झालं, पुरानंतर मागचं डावं दार उघडेना आणि आईला उजव्या बाजूनं, सीटवरून सरकत उतरावं लागलं. तो दिवस मला अजून लागतो.

लांब गाड्यांना हा त्रास जास्त का, तर पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर, म्हणजे व्हीलबेस. तीन दारी थारचा व्हीलबेस २४५० मिलिमीटर आहे आणि पाच दारी रॉक्सचा २८५०. जिम्नीचं पण तसंच, तीन दारीचा २२५० आणि आपल्याकडं मिळणाऱ्या पाच दारीचा २५९०. चाकांतलं अंतर वाढलं की बांध ओलांडताना पोट टेकायची शक्यता वाढते, ग्राउंड क्लिअरन्स तेवढाच असला तरी. आणि घरच्यांसाठी आपण लांबचीच गाडी घेतो. त्यात फूटस्टेप १०-१२ सेंटिमीटर खाली लोंबली की कंपनीनं दिलेली उंची कागदावरच राहते. टेप घ्या आणि जमिनीपासून पायरीच्या सगळ्यात खालच्या टोकापर्यंत मोजा, तीच तुमच्या गाडीची बाजूची खरी उंची.

माझं मत विचाराल तर असं आहे. गाडी महिन्यातून एखाद्या वेळी कच्च्या रस्त्यावर जात असेल, नान्नजला माळढोक अभयारण्याकडं किंवा नळदुर्गचा किल्ला बघायला, तर स्लायडर लावू नका. फूटस्टेपच ठेवा, पण सगळी ब्रॅकेट एकाच ठिकाणी धरा, शक्यतो सगळी चॅसीवर, गसेट मारून घ्या आणि पायरी शक्य तेवढी वर उचला. निम्म्या लोकांचा प्रश्न एवढ्यात सुटतो. क्रेटासारखी मोनोकॉक गाडी असेल तर तिला वेगळी चॅसीच नसते, दाराखालचा भाग हाच गाडीचा कणा असतो, तिथं बाहेरच्या दुकानात भोकं पाडून घेऊन किंवा वेल्डिंग करून काही बसवणं मला बिलकुल पटत नाही. पण आमच्यासारखं आठवड्याला दोनदा चाकोरी, ओढा, धोंडे असतील आणि गाडी लॅडर फ्रेमची असेल तर पायरीला कितीही मजबूत केलं तरी ती जागाच चुकीची आहे, ती खाली आहे म्हणून आपटते. मजबूत पायरी आपटली तर ब्रॅकेट वाचेल आणि बॉडी जाईल.

आम्ही स्लायडर करून घेतले. तयार मिळतात, पण माझ्या मॉडेलला नीट बसणारे मिळेनात म्हणून मामांकडून करवले. मुख्य पाइप दीड इंची, सी क्लास. दीड इंची म्हणतात पण बाहेरून तो ४८.३ मिलिमीटर असतो, बी क्लासची जाडी ३.२ आणि सी क्लासची ४.० मिलिमीटर, वजन मीटरला साडेतीन किलो विरुद्ध जवळपास ४.४ किलो. दुकानात दोन्ही सारखेच दिसतात, व्हर्नियर लावूनच घ्या. प्रत्येक बाजूला चार ब्रॅकेट, सगळी चॅसीवर, चॅसीच्या बाजूच्या आणि खालच्या दोन्ही पृष्ठांना धरणारी एल आकाराची ६ मिलिमीटरची प्लेट. दोन्ही बाजूंचं मिळून वजन ४४ किलो भरलं, म्हणजे कायमचा एक बारीक प्रवासी गाडीत बसला असं धरा. मायलेजमध्ये मला फरक जाणवला नाही, पण उतारावर ब्रेक दाबताना वजन आहे हे लक्षात ठेवतो.

वेल्डिंग का बोल्ट ह्यावर मामांशी बरीच चर्चा झाली. त्यांचं म्हणणं वेल्डिंग मारू, जन्मात हलणार नाही. मी बोल्टवर अडून राहिलो आणि आता बरं वाटतं. चॅसीला आर्क वेल्डिंग मारलं की त्या टाक्याच्या कडेचं लोखंड उष्णतेनं बदलतं आणि आडवा टाका असेल तर पुढंमागं तिथूनच चीर जायची भीती असते. शिवाय चॅसीच्या आतल्या अंगाला ब्रेकचे पाइप, डिझेलचे पाइप आणि वायरिंग जातं. ज्यांना वेल्डिंगच करायचंय त्यांनी निदान बॅटरीची निगेटिव्ह काढून ठेवा, अर्थिंग वेल्डिंगच्या टाक्याजवळच लावा, डिझेलची टाकी आणि पाइप झाका आणि शेजारी पाण्याची बादली नको, फायर एक्स्टिंग्विशर ठेवा. बोल्टचा दुसरा फायदा, वाकला तर काढता येतो.

बॉडी आणि स्लायडरच्या मधे २५ मिलिमीटर फट ठेवली. ही फट विसरू नका. बॉडी हलते हे वर सांगितलंच, फट नसेल तर आवाज पुन्हा सुरू होईल आणि तुम्ही म्हणाल एवढा खर्च करून तेच. बसवून झाल्यावर एका बाजूचं पुढचं चाक आणि दुसऱ्या बाजूचं मागचं चाक ठोकळ्यावर चढवा आणि चारही दारं उघडून बघा, कुठं टेकत नाही ना. हे रस्त्यावर नाही, शेडमध्येच करून घ्या, मापं तिथंच बदलता येतात.

आता आईचा प्रश्न. स्लायडर वर असतो म्हणून त्याच्यावर पाय ठेवायला जमिनीपासून आमच्याकडं ५१ सेंटिमीटर होतात. जुनी पायरी ३८ वर होती. घरातल्या जिन्याची पायरी १५ ते १८ सेंटिमीटर असते, म्हणजे तीन पायऱ्या एकदम चढा असं गुडघे दुखणाऱ्या बाईला सांगायचं. नाही जमणार, आणि साडी नेसून तर नाहीच. ह्या एका कारणानं मी सहा महिने स्लायडर लांबवत होतो. बरेच जण सांगतात स्लायडरवर चेकर प्लेट, म्हणजे उठावदार नक्षीचा पत्रा, मारा, तीच पायरी होते. तरण्या माणसाला होते, म्हाताऱ्या माणसाला होत नाही.

आम्ही काढघालीची पायरी केली. डाव्या स्लायडरच्या खाली मागच्या दारापाशी चौकोनी पाइपचे दोन तुकडे बसवले, त्यात घुसणारी चेकर प्लेटची १२ इंची पायरी आणि आडवी खीळ. ती जमिनीपासून २६ सेंटिमीटरवर येते. म्हणजे जमीन ते पायरी २६, पायरी ते स्लायडर २५, आणि तिथून गाडीचा तळ १३. दोन दारांच्या मधल्या खांबाला आतून धरायला मूठ होतीच. आई पहिल्या दिवशी सिद्धेश्वराच्या दर्शनाला निघाली तेव्हा स्वतः चढली, हात धरू दिला नाही. शहरात पायरी लावलेली असते, पाणंद लागायच्या आधी थोरला उतरतो, खीळ काढतो आणि पायरी सीटमागं ठेवतो. एकदा काढायची राहिली आणि चाकोरीच्या कडेला लागून ती वाकली, पण नुसती तीच वाकली, स्लायडर आणि दार शाबूत. खीळ मुद्दाम पातळ, ८ मिलिमीटरची ठेवली आहे ती ह्यासाठीच, आधी ती तुटावी.

उन्हाचं पण एक आहे. सोलापूरच्या एप्रिल-मेच्या उन्हात काळी पायरी भाजते आणि तिच्यावरची डबल टेपनं चिकटवलेली रबरी पट्टी दोन उन्हाळ्यांत सुटते. सुटलेल्या पट्टीवरून पाय घसरतो. चिकटवलेली घेऊच नका, बोल्टनं धरलेली घ्या किंवा सरळ चेकर प्लेट.

कागदोपत्री एवढंच, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या तपशिलाला धक्का लागेल असा बदल चालत नाही, आणि बुल बारबद्दल, म्हणजे बंपरपुढं लावतात त्या लोखंडी गार्डबद्दल, केंद्रानं डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना पत्र पाठवून कारवाई करायला सांगितलं होतं. म्हणून टायरच्या बाहेरच्या रेषेच्या पुढं काही जाऊ देऊ नका, टोकं गोल करा, चॅसी नंबर झाकला जाणार नाही ते बघा आणि बसवायच्या आधी आरटीओत आणि इन्शुरन्सवाल्यांकडं विचारून घ्या. नंतर विचारून उपयोग नाही. गल्लीत उभ्या केलेल्या गाडीजवळून पोरं सायकली घेऊन जातात, उघडं टोक कुणाच्याही नडगीला लागू शकतं.

स्लायडर जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या आठवडाभर आधी बसले, तेव्हापासून साडेचार हजार किलोमीटर झाले. पहिल्या पाचशे किलोमीटरला सगळे बोल्ट परत तपासले, सोळापैकी दोन थोडे हलले होते, ते आवळून नवीन रेघा मारल्या, त्या अजून सरळ आहेत. खालच्या पाइपवर धोंड्याचे तीन मोठे ओरखडे आहेत, तिथं रेड ऑक्साइड मारून वर काळा रंग दिला. दार एकदाही घासलं नाही. फक्त उजव्या बाजूच्या पहिल्या ब्रॅकेटमधून सकाळी गाडी सुरू करून वळवताना एक बारीक चुर्र आवाज येतो, रेघ तुटलेली नाही, म्हणून ब्रॅकेट आणि चॅसीच्या मधे माती अडकली असावी असं वाटतंय, ह्या रविवारी ते ब्रॅकेट काढून, साफ करून, मधे झिंकचा प्रायमर मारून परत बसवणार आहे.